टास्मानियाच्या डोंगरावर रांगणारा पाइन: कुठे शोधायचा, कसा ओळखायचा

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी जवळजवळ दोन तास भलत्याच झाडाचे फोटो काढत बसलो होतो आणि घरी येऊन सगळ्यांना दाखवलेही, बघा बघा क्रीपिंग पाइन, जगात फक्त टास्मानियात मिळतो वगैरे. मग एका जाणकार माणसाने शांतपणे सांगितलं की अहो हे डिसेल्मा आहे, उभं वाढतंय दिसत नाही का. तर ही पोस्ट त्या दोन तासांची भरपाई समजा. ज्यांना टास्मानियात जायचंय, डोंगरात चालायची आवड आहे आणि नुसता व्ह्यू बघून परत यायचं नाहीये त्यांच्यासाठी.

झाडाचं शास्त्रीय नाव मायक्रोकॅक्रिस टेट्रागोना. तिथले लोक क्रीपिंग पाइन म्हणतात, काही जण स्ट्रॉबेरी पाइन. पण पाइन म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं, म्हणजे उंच सरळ खोड आणि सुया, त्यातलं इथे काहीच नाही. खरं तर पाइनच्या घराण्यातलाच नाही हा, पोडोकार्प कुळातला आहे. आणि पूर्ण वाढलेलं झुडूप तुमच्या घोट्यापर्यंत आलं तरी खूप. फांद्या एक-एक मीटर लांब होतात पण सगळ्या आडव्या, दगडावरून वेलीसारख्या घरंगळत गेलेल्या. मायक्रोकॅक्रिस या वंशात ही एकच जात आहे, सख्खं भावंड कुणी नाही. आधी याला ॲथ्रोटॅक्सिसमध्ये टाकलं होतं, म्हणजे तिथल्या पेन्सिल पाइन आणि किंग बिली पाइनच्या खात्यात, मग १८४५ मध्ये जोसेफ हुकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वेगळा वंश केला. हुकर स्वतः रॉसच्या अंटार्क्टिक मोहिमेच्या जहाजावरून टास्मानियात उतरला होता. नावातलं टेट्रागोना म्हणजे चौकोनी, आणि हा एक शब्द लक्षात ठेवलात तर अर्धं काम झालं, ते पुढे सांगतो.

आधी कधी जायचं ते. माझं मत विचाराल तर फेब्रुवारी ते एप्रिल. तिकडे तेव्हा उन्हाळा संपत आलेला असतो, बर्फ नसतो (नसतो म्हणजे नसायला हवा, टास्मानियाच्या डोंगरात डिसेंबर-जानेवारीतही बर्फ पडतो, तेव्हा गॅरंटी कुणीच देत नाही) आणि मुख्य म्हणजे याच दिवसांत मादी झुडपांवर लाल कोन (पाइनसारख्या झाडांना येतात ते बियांचे शंकू) दिसतात, ज्यांच्यामुळे स्ट्रॉबेरी हे नाव पडलं. एप्रिलच्या शेवटी गेलात तर बोनस म्हणून फॅगस (तिथलं एक पानगळीचं झाड) पिवळा-केशरी झालेला दिसतो, पण मग सगळी गर्दीही त्याच्यासाठीच आलेली असते आणि पार्किंगची बोंब. हिवाळ्यात जाऊ नका, म्हणजे डोंगरावर जा हवं तर, पण हे झुडूप तेव्हा बर्फाखाली झोपलेलं असतं.

कुठे. हे झुडूप साधारण हजार मीटरच्या वर सापडतं, टास्मानियाच्या मध्य आणि पश्चिम भागातल्या डोंगरांवर. क्रेडल माउंटनच्या पठारावर आहे, पण तिथे मॅरियन्स लुकआउटची ती खडी चढण चढून जावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी माउंट फील्ड सुचवेन. टास्मानियाची राजधानी होबार्टपासून गाडीने दीड तासाच्या आसपास, १९१६ सालचं नॅशनल पार्क आहे, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. खाली व्हिझिटर सेंटर आणि रसेल फॉल्स, तिथे टुरिस्ट लोकांची जत्रा असते, त्यांना तिथेच सोडायचं आणि पुढे १६ किलोमीटरचा कच्चा रस्ता पकडून लेक डॉबसनला जायचं. हा तलावच हजार मीटरच्या थोडा वर आहे, म्हणजे बहुतेक चढ गाडीनेच चढलेला असतो, गुडघ्यांचे आशीर्वाद मिळतात.

गाडी भाड्याची असेल तर इथे एक मिनिट थांबा. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर इन्शुरन्स लागू होत नाही अशी अट बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात असते. आम्हाला काउंटरवरच्या माणसाने हो हो जा म्हणून सांगितलं, आणि टायरवर दगडाचा कट गेल्यावर त्याच कंपनीने तोच कागद पुढे केला. कंपनीचं नाव घेत नाही, पण बुकिंग करतानाच हे लेखी विचारून घ्या. हिवाळ्यात त्या रस्त्यावर चाकांना साखळ्या लागतात, तो वेगळाच विषय. आणि पार्कचा पास लागतो, एका दिवसाचा वाहन पास किंवा जास्त दिवस फिरणार असाल तर हॉलिडे पास, दोन-तीन पार्क बघायचे असतील तर हॉलिडे पासच परवडतो. पास आधी ऑनलाइन काढून डॅशबोर्डवर दिसेल असा ठेवा.

सामानात नेहमीचं सगळं, म्हणजे वॉटरप्रूफ जॅकेट, उबदार थर, टोपी, पाणी, खाणं. ऊन असलं तरी जॅकेट गाडीत ठेवायचं नाही, सॅकमध्येच. त्या अक्षांशावर पश्चिमेकडून येणारा वारा समुद्रावरून थेट येतो, मध्ये अडवायला काहीच नाही, वीस मिनिटांत उन्हातून गारांमध्ये जाल. सनस्क्रीन पण लावा, ऊन थंड वाटतं पण भाजतं. मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि ट्रॅकच्या सुरुवातीला नोंदवही असते त्यात नाव लिहा, कंटाळा करू नका. या खास कामासाठी जास्तीच्या दोन गोष्टी हव्यात. एक, दहा पट मोठं दाखवणारं हँड लेन्स, तेच सोनार लोक डोळ्याला लावतात तसलं. दोन, बसायला किंवा पालथं पडायला जाड प्लास्टिकचा छोटा तुकडा, कारण खाली सगळं ओलं असतं आणि तुम्हाला खाली बसावंच लागणार आहे.

अजून एक, आणि हे मी सगळ्यात गंभीरपणे सांगतोय. निघायच्या आधी बूट स्वच्छ घासून वाळवून घ्या, तळव्यातल्या खाचा, गेटर्स (बुटांवरून पोटरीला बांधतात ती आवरणं), तंबूच्या खुंट्या, सगळं. मातीतून फायटॉफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग पसरतो आणि टास्मानियातल्या कितीतरी झुडपांना तो मारतो. थंड उंच जागी त्याचा जोर कमी असतो हे खरं, पण तुम्ही खालच्या जंगलातून वर आणि वरून दुसऱ्या जंगलात जाताय ना. काही ट्रॅकच्या तोंडाशी बूट धुवायची सोय केलेली असते, ती फोटो काढायला नाहीये.

लेक डॉबसनला गाडी लावली की आधी तलावाच्या कडेने पँडानी ग्रोव्हची छोटी चक्कर मारा, अर्धा-पाऊण तास लागतो. हे वॉर्म-अप समजा, पायांचा नाही, डोळ्यांचा. पेन्सिल पाइन इथे पाण्याच्या काठाला आरामात बघायला मिळतो, त्याची फांदी नीट बघून ठेवा. जाड, गोल दोरीसारखी, पानं मळसूत्रासारखी फिरत गेलेली. ही गोल दोरी डोक्यात बसली की नंतर चौकोनी फांदी दिसल्यावर फरक चटकन कळतो. मग उर्कहार्ट ट्रॅकने वर, पुढे स्की करणाऱ्यांच्या झोपड्यांच्या वाटेने चढत चढत टार्न शेल्फच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या सपाट पट्ट्याच्या दिशेने. पूर्ण गोल मारायचा तर पाच-सहा तास धरा, पण आपल्याला पूर्ण गोल मारायचाच नाहीये. झुडपासाठी गेलात तर दिवसभरात तीन-चार किलोमीटर झाले तरी भरपूर. ग्रुपमध्ये एखादा किलोमीटर मोजणारा असेल तर त्याला पुढे पाठवून द्या आणि भेटायची वेळ ठरवा, नाहीतर तो तुम्हाला शोधू देणार नाही आणि तुम्ही त्याला चालू देणार नाही.

आता शोधायचं कसं. स्नो गमची, म्हणजे डोंगरातल्या निलगिरीची ती वाकडी रंगीत खोडं संपायला लागली आणि मोठमोठे काळपट दगड सुरू झाले की वेग एकदम कमी करा. हे दगड डोलेराइटचे, ज्युरासिक काळातला लाव्हारस जमिनीखालीच थिजून झालेले, आणि आपल्या झुडपाला ते फार आवडतात. दगडाची कड, दोन दगडांमधली फट, दगडाचा उतार जिथे मातीला टेकतो ती जागा, इथे नजर ठेवायची. लाकडी फळ्यांच्या वाटेवर चालताना फळीपासून हातभर अंतरावरच बघा, लांब बघू नका. लांबून हे झुडूप दिसतच नाही, दगडावर हिरवट काहीतरी अंथरलंय एवढंच वाटतं आणि तसलं हिरवट तिथे पन्नास प्रकारचं असतं, कुशन प्लांट, कोरल फर्न, शेवाळ, काय काय. उताराकडे बघत चढत असाल तर दगडाचा माथा तुमच्या डोळ्यांच्या पातळीत येतो आणि तिथून फांद्या खाली लोंबताना दिसतात, हा माझा सगळ्यात आवडता अँगल. उतरताना शोधणं अवघड जातं, का ते माहीत नाही पण माझा तरी अनुभव असाच.

एवढ्या खाली का वाढतं म्हणाल तर वाऱ्यामुळे. जमिनीलगत वितभर उंचीत वारा खूप कमी होतो, दगड दिवसा ऊन पितो आणि थोडी ऊब देतो, हिवाळ्यात वर बर्फाची गोधडी येते आणि गोधडीखाली वारा पोचत नाही. जी फांदी डोकं वर काढेल तिचं टोक बर्फाच्या कणांनी सोलून निघतं. म्हणजे तिथे मान वर काढणाऱ्याचं काही खरं नाही, पसरणाऱ्याचं राज्य.

हिरवं अंथरूण सापडलं की ओळख पटवायची. आमच्यासोबत दुसऱ्या खेपेला माझा नऊ वर्षांचा भाचा होता. मी लेन्स काढून, चष्मा पुसून, मोठ्या तयारीत बसतोय तोवर हा पठ्ठ्या पालथा पडून फांदी दोन बोटांत धरून मोकळा. "मामा, हे गोल नाहीये." म्हटलं मग कसं आहे. "चौकोनी आहे. टोचत पण नाहीये." झालं, हीच परीक्षा. बारीक फांदी न तोडता अंगठा आणि तर्जनीमध्ये हलकेच धरायची आणि किंचित फिरवायची. गोल फांदी सुळकन फिरते, ही मात्र चार वेळा अडते, चार कडा बोटाला लागतात. मग लेन्समधून बघा. पानं दोन मिलिमीटरच्या आसपासची, पान कसलं, खवलाच तो, माशाच्या खवल्यासारखा एकावर एक. समोरासमोर दोन खवले, मग त्यांच्यावर काटकोनात दुसरे दोन, मग परत पहिल्यांच्या रेषेत दोन. त्यामुळे फांदीवर वरून खालपर्यंत चार सरळ रांगा दिसतात, एखाद्याने वेणी घालताना चार पदर घेऊन ती चौकोनी आवळली तर जशी दिसेल तशी. बोटाला गुळगुळीत नाही पण खरखरीतही नाही. आणि सगळी झुडूपभर फांद्यांची जाडी जवळजवळ सारखीच वाटते, बारीक चाबकाच्या दोरीएवढी.

पण थांबा, चौकोनी मिळाली म्हणून लगेच उड्या मारू नका, मी तिथेच फसलो होतो. डिसेल्मा आर्चरीची फांदी पण चौकोनीच, खवले पण तसेच समोरासमोर, चार रांगा. कुळ वेगळं, ते सायप्रसच्या घराण्यातलं, पण दिसायला जुळे भाऊ. फरक असा की डिसेल्मा उभं राहतं. कमरेएवढं, माणसाएवढं, कधी त्याहून उंच, दाट झुडूप. घोळ होतो तो वाऱ्याच्या कड्यावर, कारण तिथे डिसेल्मा पण खुरटं होऊन गुडघ्याएवढंच राहतं. तेव्हा काय करायचं, फांदीचं टोक सोडा आणि फांदी कुठून येतेय ते मागे मागे शोधत जा. डिसेल्माच्या फांद्या बुंध्यापासून वर उठतात, खुरटं असलं तरी झाडाची चण उभ्याचीच. मायक्रोकॅक्रिसच्या फांद्या दगडाला चिकटून लांबच लांब सरपटत जातात, अर्धा मीटर मागे गेलात तरी अजून आडवीच. आणि कोन दिसले तर प्रश्नच मिटला, डिसेल्माचे कोन बारके, कोरडे, तपकिरी.

दुसरा तोतया म्हणजे फेरोस्फेरा हुकेरियाना, ड्रूपिंग पाइन. हा तर आपल्या झुडपाच्याच कुळातला. शेंडे खाली झुकलेले, झुडूप उभं, तलावाच्या काठाला जास्त, आणि खवले मळसूत्री, म्हणजे समोरासमोर जोड्या नाहीत. लेन्स असेल तर पाच सेकंदांचं काम आहे. लेन्स नसेल आणि चुकलात तर वाईट वाटून घेऊ नका, या दोघांच्या वाळवलेल्या नमुन्यांची जुन्या काळी अशी सरमिसळ झाली की फेरोस्फेरा हे नाव नक्की कोणाचं यावरच वाद झाला, १९५१ मध्ये त्याला मायक्रोस्ट्रोबॉस असं नवं नाव दिलं गेलं आणि कित्येक वर्षांनी परत जुनंच नाव आलं. मोठमोठ्या लोकांचं झालं तिथे आपलं काय.

बाकीचे तोतये सोपे आहेत. पोडोकार्पस लॉरेन्सी, म्हणजे माउंटन प्लम पाइन, हाही दगडांवर पसरतो आणि यालाही लाल रसाळ भाग येतो, पण पानं चपटी, सेंटिमीटरभर लांब, नीट पानांसारखी पानं. क्लबमॉस छोट्या पाइनच्या रोपासारखं दिसतं पण हाताला मऊ, ब्रशसारखं. ओझोथॅम्नसच्या काही झुडपांची पानं पण खवल्यासारखी फांदीला चिकटलेली असतात, पण तिथे खवल्यांच्या मधून पांढरी लव डोकावते आणि फुलं आलेली असतील तर उघडच आहे, कॉनिफरला, म्हणजे कोन धरणाऱ्या झाडांना, फुलं येत नाहीत. एक जरा फसवणारा आहे, एक्सोकार्पस ह्युमिफ्युसस. हा पण आडवा पसरतो, पानं नसल्यातच जमा, आणि लाल रंगाचं फळ. पण त्याचं फळ बघितलं तर लाल गादीवर एक बी वेगळं बसवल्यासारखं टोकाला असतं, काजूच्या बोंडाला बी असते ना साधारण त्या थाटात. त्याच्या फांदीला उभ्या रेघा असतात, खवल्यांच्या चार रांगा नाहीत.

आता लाल कोन, ज्यासाठी एवढा खटाटोप. सेंटिमीटरभर पण नसतो. नर कोन आणि मादी कोन सहसा वेगवेगळ्या झुडपांवर, त्यामुळे एका झुडपावर लाल काही नाही म्हणून हताश होऊ नका, ते नर असेल, पुढच्या दगडावर जा. मादी कोन फांदीच्या अगदी टोकाला येतो, आधी हिरवट आणि मग लाल, आणि लेन्सखाली बघितला की कळतं हे एक फळ नाहीये, बारीक बारीक रसाळ खवल्यांचा गुच्छ आहे आणि प्रत्येक खवल्याच्या कुशीत एक बी. छोटी रासबेरी किंवा तुतीचा बारका अवतार. उन्हात मागून प्रकाश आला की आतून पेटल्यासारखा दिसतो, गडद हिरव्या चौकोनी दोरीच्या टोकाला लाल दिवा. मी पहिला खरा कोन बघितला तेव्हा वारा एवढा होता की फोटो एकही धड आला नाही, आणि तरी तिथून उठवेना.

खाऊन बघायचा मोह होतो, होतोच. खाऊ नका. नॅशनल पार्कात पान-फूल-फळ काहीही तोडायला बंदी आहे, आणि बी जमिनीत पडायला हवं. फांदी तोडून घरी रुजवून बघू म्हणणारेही भेटतात, त्यांना माझा एकच सल्ला, नर्सरीत वाढवलेलं रोप मिळालं तर घ्या, नाहीतर फोटोवर भागवा.

फोटोचं सांगतो. तीन फोटो काढा, जास्त काढलेत तरी चालेल पण हे तीन हवेतच. एक उभ्याने, पूर्ण झुडूप आणि दगड दिसेल असा, म्हणजे आडवं वाढतंय हे कळेल, माझ्या पहिल्या खेपेच्या फोटोंत हाच नव्हता आणि म्हणून मलाही घरी येऊन कळेना. दुसरा फांदीचा जवळून, चौकोनीपणा दिसेल असा तिरका, सरळ वरून काढला तर फांदी चपटी दिसते. तिसरा टोकाचा, कोन असेल तर कोनाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर हँड लेन्स धरून छान मॅक्रो निघतो, फक्त दोन्ही हात स्थिर हवेत. वारा अडवायला जॅकेट काढू नका, सोबतच्या माणसाला वाऱ्याच्या बाजूला बसवा. मोजमापासाठी शेजारी एखादं नाणं ठेवा आणि उचलायला विसरू नका. नंतर वनस्पती ओळखणाऱ्या ॲपवर टाकलंत तर ॲप पहिल्या फटक्यात डिसेल्मा सांगण्याची शक्यता आहे, तेव्हा तो पहिला उभ्याने काढलेला फोटो कामी येतो.

बसायच्या आधी जागा बघा. टास्मानियात सापाच्या तीन जाती आहेत आणि तिन्ही विषारी, उन्हात तापलेला दगड त्यांनाही आवडतो. आणि जॅक जंपर नावाच्या काळ्या, उड्या मारणाऱ्या मुंग्या असतात, पाय पिवळट, त्यांच्या डंखाची ॲलर्जी असणाऱ्यांची अवस्था गंभीर होऊ शकते. पालथं पडायच्या आधी काठीने जरा ठकठक करा, दहा सेकंद थांबा, मग प्लास्टिक अंथरा. प्लास्टिक दगडावर किंवा फळीवरच अंथरायचं, कुशन प्लांटवर नाही. ती गुबगुबीत हिरवी उशी दिसते ना, तिच्यावर एक बूट पडला तर ती खूण वर्षानुवर्षं जात नाही. फळ्यांची वाट सोडून जायचा मोह झाला तर लक्षात घ्या की वाटेलगतच पुरेसं दिसतं, आत जाऊन काही वेगळं मिळत नाही. जिथे वाट संपते आणि जाणं भागच आहे तिथे दगडावरून दगडावर पाय टाका.

आणि आग. वर्ल्ड हेरिटेजच्या त्या सगळ्या पट्ट्यात शेकोटीला बंदी आहे, चहासुद्धा गॅसच्या स्टोव्हवरच. यात कुणी सूट मागू नये. ऑस्ट्रेलियातली बरीच झाडं जळाल्यावर बुंध्यातून परत फुटतात, निलगिरी तर त्यासाठी प्रसिद्धच. पण डोंगरावरचे हे जुने कॉनिफर तसे नाहीत, एकदा जळले की गेले, आणि बी लांबून येऊन परत रुजणं हा फार संथ कारभार. जानेवारी २०१६ मध्ये कोरड्या विजा पडून मध्य पठारावर लेक मॅकेन्झीच्या बाजूला आग लागली, त्यात पेन्सिल पाइन आणि त्यांच्या खालचं सगळं डोंगरी झुडपांचं अंथरूण जळलं. तिथले फोटो बघा हवं तर, करडी उभी खोडं आणि खाली नुसती काळी माती. आणि आपलं झुडूप काही कालचं नाही. याच्या परागकणाला साधारणपणे तीन हवेचे फुगे असतात, नेहमीच्या पाइनला दोन असतात, त्यामुळे तसले जीवाश्म परागकण पटकन ओळखू येतात, आणि ते अंटार्क्टिका, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका अशा ठिकाणच्या डायनासोरांच्या काळातल्या खडकांमध्ये सापडतात. म्हणजे गोंडवना, दक्षिणेकडचे खंड जोडलेला तो जुना महाखंड, एकसंध होता तेव्हा याचं गोत मोठं होतं, बाकी सगळीकडचं गेलं, आता राहिलं ते फक्त टास्मानियाच्या या काही डोंगरांवर. एक काडी निष्काळजीपणे टाकायला एवढं कारण पुरे नाही का.

परत फिरायची वेळ आधीच ठरवून ठेवा, कारण झुडपं बघताना घड्याळ बघायचं राहतं. धुकं यायला लागलं तर अजून एक दगड, अजून एक दगड असं करत बसू नका, खाली वाट दिसेनाशी होते. लेक डॉबसनला परत आलात की वहीत परत आल्याची नोंद करा. मग गाडीत बसायच्या आधी बूट काढा, तळव्यातली माती काडीने तिथेच खरवडून टाका, आणि कच्च्या रस्त्याने हळू उतरा, संध्याकाळ झाली की वॉलबी आणि पॅडेमेलॉन, म्हणजे कांगारूचे छोटे भाऊबंद, डाव्या-उजव्या बाजूने बिनधास्त रस्त्यात येतात. भाच्याने आमच्या त्या १६ किलोमीटरमध्ये एकोणीस मोजले.